एकटे राहणारे ज्येष्ठ, आपली सोसायटी आणि पोलीस चौकी – तुमच्याकडे काय चाललंय?

टेकडीखालची

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, पण नीट वाचा आणि प्लीज आपापल्या भागातला अनुभव लिहा, नुसतं +१ नको.

आमची सोसायटी कर्वेनगरात, जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. अर्ध्याहून जास्त घरांत आता फक्त आजी-आजोबा, काही घरांत एकटी आजी. मुलं बाणेर-हिंजवडीला, नाहीतर थेट जर्मनी-अमेरिका. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, औंध, कुठेही जा, हेच आहे. दिवसा बिल्डिंगमध्ये असतं कोण, तर ही मंडळी आणि कामाच्या मावश्या. हे आपल्याला माहितीये तसंच चोरालाही माहितीये.

आमच्या गल्लीत मध्यंतरी एका काकूंना तो डिजिटल अरेस्टवाला, म्हणजे पोलीस असल्याचं सोंग करून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळणाऱ्यांचा, फोन आला. दुधाची पिशवी दहा वाजले तरी कडीला तशीच, म्हणून समोरच्या वहिनींनी बेल वाजवली. काकूंनी आतलं दार बोटभर उघडलं, "बरं नाहीये, नंतर ये" म्हणाल्या आणि मागून एका पुरुषाचा हिंदीतला आवाज. काकू एकट्या राहतात, सकाळी टीव्ही लावत नाहीत, हे वहिनींना पक्कं माहीत. त्या हलल्याच नाहीत. सेफ्टी डोअरच्या जाळीतून त्यांना दिसलं की डायनिंग टेबलवर मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलाय, स्क्रीनवर खाकीतला माणूस, मागे कसलासा झेंडा, आणि टेबलावर पासबुकं ओळीने मांडलेली. वहिनींनी जिन्यात जाऊन ११२ लावला. बाईकवरून दोन मार्शल आले, खरे, युनिफॉर्ममधले, आणि ते दारात दिसताच स्क्रीनवरच्या त्या साहेबाने फोन कट केला. दुपारी काकू बँकेत जाऊन एफडी मोडणार होत्या.

पैसे वाचले. पण मी त्या मार्शलना विचारलं की इथे कोण कोण एकटं राहतं ह्याची काही नोंद असते का तुमच्याकडे? तर ते म्हणाले असते, पण तुमच्या सोसायटीतून कोणी नावंच दिली नाहीत. आणि आमच्यातल्या एकाच्याही मोबाईलमध्ये चौकीचा नंबर नव्हता. म्हणजे मदत करायला दोन्हीकडची माणसं तयार, फक्त एकमेकांची ओळख नाही. माझ्या मते सगळं इथेच अडतंय. कॅमेरे लावा, ग्रिल लावा, सगळं ठीक आहे, पण काकूंनी दार आतून स्वतः लावून घेतलं होतं, तिथे ग्रिल काय करणार?

तर सांगा, तुमच्याकडे चौकीशी असा कायमचा संबंध कोणी ठेवलाय का, कसा सुरू केला, टिकला का?

पहाटफेरी

चांगला धागा. डिजिटल अरेस्टची चर्चा होते, पण रस्त्यावरचे जुने प्रकारही जोरात आहेत म्हणून लिहून ठेवतो. सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांना दोन माणसं थांबवतात, "आम्ही पोलीस, पुढे चेकिंग चालू आहे, काल इथे मर्डर झालाय, अंगठी-चेन काढून रुमालात बांधा". बांधायला मदत पण तेच करतात. घरी येऊन रुमाल सोडला की आत खडे. आज्यांसाठी दुसरं, "शेठला मुलगा झालाय, साड्या वाटतायत, पण दागिने दिसले तर देणार नाहीत, काढून पिशवीत ठेवा". आणि स्वारगेटला बसमध्ये चढताना गर्दीत हातातली पाटली कटरने कापून नेतात, कळत पण नाही.

मंगळसूत्र खेचणाऱ्यांबद्दल एक, १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा झालाय, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तेव्हा "किरकोळ आहे, जाऊ दे" म्हणून घरी बसू नका, तक्रार द्या. आणि हद्दीवरून परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर म्हणा, कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावा लागतो.

निवृत्त_खाकी

मी खात्यातून निवृत्त झालोय, पुणे शहरातच बरीच नोकरी झाली. आतली बाजू सांगतो.

२००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा जो कायदा आहे ना, त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१० ला आले. त्यात पोलिसांची जबाबदारी लिहिलेली आहे. प्रत्येक ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, खास करून एकट्या राहणाऱ्यांची यादी ठेवायची, ती अपडेट करायची, आणि पोलिसाने समाजसेवक किंवा स्वयंसेवकाला बरोबर घेऊन महिन्यातून एकदा तरी भेट द्यायची. "स्वयंसेवकाला बरोबर घेऊन" हे नीट वाचा. कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं की एकट्या पोलिसाकडून हे होणार नाही.

प्रत्यक्षात काय होतं, बीट अंमलदाराकडे, म्हणजे तुमचा भाग ज्याच्याकडे दिलेला असतो त्या पोलिसाकडे, हद्द मोठी, त्यात पालखी, गणपती, निवडणूक, व्हीआयपी, कोर्टाची समन्स वाटप, आणि भेटी मागे पडतात. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, वस्तुस्थिती आहे. पण ज्या सोसायटीतून कोणीतरी दर महिन्याला फोन करतं, "साहेब या आठवड्यात कधी येताय, मी बरोबर येते", तिथे भेटी होतात. मी स्वतः अशा ठिकाणी आधी जायचो कारण तिथे दार उघडायला, ओळख करून द्यायला माणूस असायचा, नाहीतर खाकी बघून आजी घाबरतात आणि शेजारी खिडकीतून विचारतात "काय झालं काय झालं".

यादी देताना नाव, वय, फ्लॅट नंबर एवढंच देऊ नका. जवळचं कोणाला फोन करायचा, जादा किल्ली कोणाकडे आहे, चालता येतं का, औषधं कसली, आणि सगळ्यात महत्त्वाचं ऐकू येतं का. बेल वाजवून दार उघडलं नाही तर आतल्या माणसाला ऐकू येत नाही की काही झालंय, हे आम्हाला बाहेरून कसं कळणार? यादी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने ठाण्यात द्यायची, एक प्रत चौकीत. आयुक्तालयात भरोसा सेल आहे, त्यात ज्येष्ठ नागरिकांचा कक्ष आहे, ठाण्यात दाद लागली नाही तर तिथे जा. वाकड, निगडी, हिंजवडीवाल्यांनी लक्षात ठेवा, १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालंय, तुमचं पत्र तिकडे.

खरा पोलीस कसा ओळखायचा? नाव विचारा, बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक) विचारा, कुठल्या ठाण्याचे ते विचारा, दार न उघडता. मग आपल्याकडच्या नंबरवर ठाण्यात फोन करून खात्री करा, त्याने दिलेल्या नंबरवर नाही. खऱ्या पोलिसाला याचा राग येत नाही, आला तर येऊ दे. आणि हे घरातल्या ज्येष्ठांना नक्की सांगा, साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर ६० वर्षांवरच्या पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या बाईला राहत्या घराबाहेर कुठे हजर व्हायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७९ आहे. व्हिडिओ कॉलवर अटक हा प्रकार तर आपल्या कायद्यात अस्तित्वातच नाही.

टेकडीखालची

@निवृत्त_खाकी काका, खूप आभार. ऐकू येण्याचा मुद्दा आमच्या कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. आमच्याकडे दोन आजोबा रात्री मशीन काढून ठेवतात.

पेठेतला

माझं वय पंचाहत्तरच्या पुढे. १९७६-७७ चं पुणं ज्यांनी पाहिलं त्यांना हा विषय नवा नाही. जोशी-अभ्यंकर हत्याकांड. भांडारकर रोडवरच्या बंगल्यात १ डिसेंबर १९७६ ला काशीनाथशास्त्री अभ्यंकर, संस्कृतचे एवढे मोठे अभ्यासक, वय ८८, त्यांच्यासकट घरातली पाच माणसं गेली, त्यात घरकाम करणाऱ्या बाईही होत्या. आरोपी कॉलेजची मुलं. कुलूप तोडून नाही आले, दार वाजवलं आणि दार उघडलं गेलं. त्यानंतर कितीतरी महिने संध्याकाळी सात वाजता लक्ष्मी रोड ओस पडायचा, आम्ही तरुण पोरं वाड्याच्या दिंडी दरवाजाशी आळीपाळीने बसायचो. १९७७ च्या मार्चमध्ये आरोपी पकडले तेव्हा कुठे शहराने श्वास घेतला. १९८३ ला येरवड्यात फाशी झाली.

हे भीती घालायला लिहीत नाही. तेव्हापासून एक शिकलो की दार उघडण्याआधीचं अर्धं मिनिट आपलं असतं, ते सोडायचं नाही. साखळी लावूनच बोलायचं. माणूस कितीही सभ्य दिसला, मराठी कितीही शुद्ध बोलला तरी. आमच्या पिढीला ते उद्धट वाटतं, दारातल्या माणसाला पाणी विचारल्याशिवाय राहवत नाही. तो स्वभाव बदला असं मी म्हणणार नाही, पण पाणी जाळीतूनही देता येतं.

काउंटर_नंबर_चार

मी बँकेत आहे, डेक्कन भागातली शाखा, कुठली ते लिहीत नाही. शेवटचा अडसर बऱ्याचदा आम्ही असतो म्हणून लिहिते.

एक आजोबा, नेहमीचे खातेदार, पेन्शन आमच्याकडेच. एफडी मोडून सगळे पैसे आरटीजीएस करायचे म्हणाले. फॉर्मवर खातं कुठल्यातरी परराज्यातल्या ट्रेडिंग फर्मचं. मी विचारलं कशासाठी, तर पाठ केल्यासारखं "नातवाच्या अॅडमिशनला". नेहमी पाच मिनिटं नातवाचं कौतुक सांगणारा माणूस त्या दिवशी माझ्याकडे बघतच नव्हता. शर्टाच्या खिशात मोबाईल उलटा ठेवलेला आणि तो हात सारखा खिशावर. मी स्लिपच्या मागे लिहिलं, "फोन चालू आहे का? कोणी ऐकतंय का?" आणि पेनसकट पुढे सरकवलं. त्यांनी "हो" लिहिलं नाही, फक्त ती स्लिप मुठीत धरली आणि डोळ्यांत पाणी आलं. मग मी मोठ्याने म्हटलं "काका सर्व्हर डाऊन आहे, बसा थोडा वेळ", मॅनेजरच्या केबिनमध्ये नेलं, फोन बाहेर टेबलवर ठेवला. चौकीचा नंबर आमच्या काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, तिथून साध्या कपड्यातले एक हवालदार आले आणि तासभर आजोबांशी बोलत बसले. आदल्या दिवशी नेटबँकिंगने एक रक्कम गेलेली होती, ती त्यांनी घरी पण सांगितली नव्हती. शाखेतूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावला, त्यातले काही पैसे पुढच्या खात्यात होल्ड झाले, सगळे नाही.

म्हणून १९३० लवकर लावा हे पुन्हा पुन्हा सांगते. पैसा एका खात्यात थांबत नाही, म्यूल अकाउंट्समधून, म्हणजे भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून, तो काही तासांत पसरतो. जेवढ्या लवकर तक्रार तेवढी जास्त रक्कम अडकवता येते. मुलगा संध्याकाळी घरी आला की बघू, असं करू नका. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम पण माहीत असू द्या. आपण ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर खात्यातून काही गेलं तर ते बँकेचं. आपली काहीच चूक नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवलं की आपली जबाबदारी शून्य. आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या, तोंडी सांगून घरी जाऊ नका.

नोव्हेंबरमध्ये जीवन प्रमाणच्या नावाने फोन येतात, "हयातीचा दाखला अपडेट करा, ओटीपी सांगा". वर्षभर वीजबिल आणि गॅसबिलाची एपीके फाईल (म्हणजे फोनमध्ये अॅप टाकणारी फाईल) व्हॉट्सअॅपवर येते, ती इन्स्टॉल केली की मेसेज सगळे त्यांच्याकडे जातात. बिल भरलं नाही म्हणून रात्री साडेनऊला वीज तोडणार असं कोणी मोबाईल नंबरवरून कळवलं तर तो फ्रॉडच समजा.

नदीकाठ

सगळं पटलं, पण यादीबद्दल माझी गंभीर शंका आहे. कुठल्या फ्लॅटमध्ये कोण एकटं राहतं, कोणाला ऐकू येत नाही, किल्ली कोणाकडे, हे सगळं एका कागदावर म्हणजे चोराला हवी तीच यादी तयार करून देणं झालं. आमच्या सोसायटीत सेक्रेटरीने हौसेने एक्सेल शीट केली आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, त्या ग्रुपमध्ये भाडेकरू, ब्रोकर, सोडून गेलेले लोक, सगळे. नंतर डिलीट केली, पण तोवर किती फोनमध्ये गेली कोण सांगणार? माझी आई त्या यादीत होती आणि तिला कोणी विचारलं पण नव्हतं.

निवृत्त_खाकी

@नदीकाठ एकदम बरोबर मुद्दा. यादी हातानं लिहा किंवा एकच प्रिंट काढा, बंद पाकिटात ठाण्यात द्या, दुसरी प्रत सोसायटीतल्या एका जबाबदार माणसाच्या कपाटात. व्हॉट्सअॅप नाही, नोटीस बोर्ड नाही, वॉचमनच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये तर अजिबात नाही. आणि ज्याचं नाव घालायचं त्याची सही घ्या. जो नको म्हणेल त्याचं नाव नको.

टेकडीखालची

सहीचं शंभर टक्के. आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा, ८० च्या पुढचे, रागावलेच, "मी काय पेशंट आहे का, रोज मला तपासायला माणूस येणार?" त्यांचा राग मला पटला. मग त्यांना म्हटलं तुम्ही यादीत नका येऊ, तुम्ही आमच्याबरोबर इतरांकडे चला. तर आता तेच सगळ्यात नेमाने जातात, आणि त्यांच्या वयाच्या माणसाने सांगितलेलं आज्या ऐकतात, माझं नाही ऐकत.

धायरीफाटा

मावश्यांबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं म्हणून मी लिहितेय. सुरक्षेचा विषय निघाला की पहिला संशय कामाच्या बाईवर. पडताळणी जरूर करा, ठाण्यात माहिती द्या, पण ती भाडेकरू, ड्रायव्हर, सुतार, सगळ्यांची करा, आणि तिला बसवून समजावून सांगून करा. एका सोसायटीत गेटवर मावश्यांच्या रोज पिशव्या उघडून बघतात आणि झोमॅटोवाला सरळ वर जातो, ह्याला काय अर्थ आहे?

रोज सकाळी आजीच्या घरात पाऊल टाकणारं माणूस मावशी असते. आजी आज जेवल्या नाहीत, फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलतायत, कपाट उघडं आहे, हे तिलाच पहिल्यांदा कळतं. तिच्या फोनमध्ये ११२ आणि सोसायटीतल्या दोघांचे नंबर असायला हवेत, आणि तिने फोन केला तर "तू कशाला मध्ये पडतेस" असं कोणी म्हणणार नाही ही खात्री तिला हवी. आमच्याकडे बैठकीला मावश्यांना पण बोलावलं, खुर्चीवर बसवलं, चहा दिला, आणि त्यांनी अशा गोष्टी सांगितल्या ज्या आम्हाला वर्षानुवर्षं माहीत नव्हत्या.

खरी काळजी ब्युरोच्या अटेंडंटची करा. चोवीस तासवाले, दर काही दिवसांनी माणूस बदलतो, घरात पॅरालिसिसचा पेशंट आणि दुसरं कोणी नाही. ब्युरोकडून प्रत्येक बदली माणसाचं आधार, फोटो, गावचा पत्ता आधी मागा, आणि न कळवता नवीन माणूस पाठवला तर दारातून परत पाठवायची तयारी ठेवा.

दूरदेशी

सिएटलहून लिहितोय, आई-बाबा सहकारनगरला. आमच्यासारख्यांसाठी एक गोष्ट, ११२ परदेशातून लावला तर तो तिथल्या पोलिसांना लागतो, पुण्याला नाही! त्यामुळे आईबाबांच्या हद्दीतल्या ठाण्याचा लँडलाईन नंबर +९१ २० लावून सेव्ह करून ठेवा, चौकीचा असेल तर तोही, आणि किल्ली असलेल्या शेजाऱ्यांचा. अर्ध्या रात्री बाबा फोन उचलत नाहीत तेव्हा हे शोधत बसण्याइतकं वाईट काही नाही.

पुण्याला आलो की मी आता मॉलमध्ये जायच्या आधी चौकीत जातो, बाबांना बरोबर घेऊन. पाच मिनिटांचं काम, "हे माझे वडील, इथे राहतात, मी बाहेर असतो". बाबांना आधी संकोच वाटला, आता तेच संक्रांतीला तिळगूळ घेऊन जातात.

काळाकोट

वकील आहे. आत्तापर्यंत सगळी चर्चा बाहेरच्या चोराची झाली. माझ्याकडे येणारी बरीचशी प्रकरणं घरातल्या माणसाची असतात. मुलगा, सून, पुतण्या, एटीएम कार्ड काढून घेतलंय, सही घेतलीय, रिडेव्हलपमेंटमध्ये फ्लॅट नावावर करून घेतलाय आणि आता आईला आतल्या खोलीत ठेवलंय. शेजाऱ्यांना माहीत असतं, "त्यांचा घरचा मामला" म्हणून कोणी बोलत नाही.

त्याच २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पण अट बक्षीसपत्रात लिहिलेली असेल तर काम सोपं होतं, म्हणून करतानाच वाक्य घाला. दाद प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे, निर्वाहाचा खर्च दरमहा १०,००० पर्यंत मिळू शकतो. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणं हा कलम २४ खाली गुन्हाच आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. बोलायलाच कोणी नसेल तर एल्डर लाईन १४५६७, फुकट आहे.

भेटीला पोलीस आणि स्वयंसेवक जातात त्यांना माझी विनंती, त्या आजीशी दोन मिनिटं एकटीशी बोला. मुलगा शेजारी सोफ्यावर बसलेला असताना "सगळं ठीक ना आजी?" विचारलं तर त्या "हो" म्हणणारच. एक महिला अंमलदार अशा वेळी "आजी जरा देवघर दाखवा की" म्हणून आत घेऊन जायच्या. मला हे फार आवडलं होतं.

पहाटफेरी

@काळाकोट हे वाचून जीव कासावीस झाला. आमच्या खालच्या मजल्यावर असंच काहीतरी आहे असं मला फार दिवस वाटतंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा प्लीज.

टेकडीखालची

अपडेट देते. परवा मंडळाच्या हॉलमध्ये बैठक झाली. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची मंडळी, शेजारच्या तीन सोसायट्या, गणपती मंडळाची पोरं, मावश्या, आणि चौकीतून एक उपनिरीक्षक आणि दोन महिला अंमलदार. पत्र दिल्यावर ते स्वतःहून आले हे आवर्जून सांगते.

भाषणं थोडक्यात आटोपली आणि मग त्या अंमलदार मॅडमनी जे केलं ते लिहिण्यासारखं आहे. त्या म्हणाल्या आपण फोन ठेवायची प्रॅक्टिस करू. खरंच! स्वतः कुरियरवाली झाल्या, "तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, मुंबई क्राईम ब्रँचला जोडून देते", आणि समोरच्या आजींनी एवढंच म्हणायचं, "मी चौकीत येऊन बोलते", आणि फोन बंद. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या आजींना जमलंच नाही. त्या "अहो पण, अहो पण" करत ऐकतच राहिल्या. दुसऱ्या आजोबांनी नमस्कार करून, चौकशी करून, मग ठेवला. तेव्हा मला कळलं की समोरचा बोलत असताना फोन ठेवणं हे या पिढीच्या अंगातच नाही, त्यांना तो अपमान वाटतो, आणि ते भामटे नेमकं त्यावरच जगतात. तासाभरात सगळ्यांनी फोन ठेवून बघितला. एका आजींनी तर इतक्या जोरात ठेवला की हॉलने टाळ्या वाजवल्या. पंतप्रधानांनी पण ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये सांगितलं होतं ना, थांबा, विचार करा, कृती करा, ते ऐकलेलं सगळ्यांनीच होतं, पण ऐकणं वेगळं आणि हाताला सवय होणं वेगळं.

ठरलं असं की प्रत्येक जिन्यातून दोन माणसं, एक ज्येष्ठ एक तरुण. महिन्यातून एकदा चौकीच्या माणसाबरोबर घरोघर, बाकीच्या वेळी रोज दूध-पेपर उचललाय का एवढं बघायचं. प्रत्येक घरात दाराच्या आत एक कार्ड, मोठ्या अक्षरात ११२, १९३०, चौकी, शेजारी. घराघरात मुलांशी एक खुणेचा शब्द ठरवायचा, म्हणजे "आई मी अॅक्सिडेंटमध्ये अडकलोय पैसे पाठव" असा मुलाच्या आवाजात फोन आला तर आधी शब्द विचारायचा. मंडळाच्या पोरांनी सगळ्यांच्या फोनमधलं इमर्जन्सी सेटिंग बघून द्यायचं घेतलंय, स्मार्टफोनला पॉवर बटण आणि साध्या फोनला ५ किंवा ९ दाबून धरायचं, पण प्रत्येक फोनचं वेगळं निघतंय म्हणून एकेकाचा हातात घेऊन बघावा लागतोय.

काय झालं नाही तेही सांगते. बंगल्यांमधली मंडळी जवळपास आलीच नाहीत, आणि खरा धोका तिथे जास्त आहे, आजूबाजूला हाकेच्या अंतरावर कोणी नसतं. दोन सोसायट्यांचे चेअरमन "पोलीस नको आवारात, लोक काय म्हणतील" ह्यावर अडून बसले. भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्यायला फ्लॅटमालक टाळाटाळ करतायत. ह्यावर कोणाकडे काही उपाय असेल तर सांगा.

पेठेतला

बंगलेवाल्यांकडे बैठकीचं बोलावणं पाठवू नका, त्यांच्याच वयाचं कोणीतरी संध्याकाळी गप्पा मारायला जा. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आपोआप विषय निघतो. ते तुमचे ८० च्या पुढचे आजोबा आहेत ना, त्यांना पाठवा.

नदीकाठ

@टेकडीखालची ते ठाण्याला दिलेलं पत्र इथे टाकाल का? आमच्याकडे सेक्रेटरी बदललाय, नवीन माणूस तयार आहे. यादी यावेळी पाकिटातून जाणार. आणि सोसायटीऐवजी ज्येष्ठ नागरिक संघाच्या लेटरहेडवर चालेल का?

टेकडीखालची

हो चालेल, आम्ही दोन्हींच्या सह्या घेतल्या. मजकूर साधाच: "मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक यांस, आमच्या आवारात एकटे किंवा फक्त दोघे राहणारे ज्येष्ठ नागरिक आहेत. त्यांच्या संमतीने त्यांची माहिती सोबत बंद पाकिटात देत आहोत. २०१० च्या नियमांनुसार मासिक भेटीसाठी आपल्या प्रतिनिधीबरोबर येण्यास आमचे खालील स्वयंसेवक तयार आहेत. कृपया बीट अंमलदारांचे नाव व संपर्क कळवावा." खाली स्वयंसेवकांची नावं आणि नंबर. बस एवढंच.

निवृत्त_खाकी

मजकूर उत्तम आहे, "बीट अंमलदारांचे नाव कळवावे" ही ओळ अजिबात गाळू नका. दोन प्रती घेऊन जा, एकीवर आवक नंबर आणि शिक्का मारून पोच घ्या. सकाळी अकराच्या आत गेलात तर साहेब भेटतात, नंतर कोर्ट नाहीतर बंदोबस्त. बीट अंमलदाराची बदली झाली की नवीन माणसाला पोच दाखवून पुन्हा ओळख करून द्या, तो आपणहून जुनी फाईल काढेल ह्या भरवशावर राहू नका.